पावती निघते, पण खाते जुळत नाही: मोंगोडीबीत ट्रान्झॅक्शन कमिट न होण्याचे समस्या निवारण

काट्यावर एक गाडी मोजली की हिशोबाच्या सॉफ्टवेअरला एकाच दमात चार नोंदी कराव्या लागतात: काटापावती, शेतकऱ्याचे खाते, खरेदीदाराचे खाते आणि गोदामातील साठा. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये या चार नोंदी चार निरनिराळ्या डॉक्युमेंटांत, म्हणजे स्वतंत्र दस्तांत, राहतात. चारही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, यासाठी त्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधून शेवटी कमिट, म्हणजे कायम, केल्या जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील भुसार आडती, जिनिंग आणि मिरचीची खरेदी येथील अशी सॉफ्टवेअर्स दुरुस्त करताना हा कमिटचा बिघाड माझ्यासमोर पुन्हा पुन्हा आला आहे. दसऱ्यानंतर कापसाची आवक वाढली की तो हमखास डोके वर काढतो, कारण गर्दी नसताना झाकलेल्या चुका तेव्हा उघड्या पडतात.

लक्षणे

सर्वांत सोपे लक्षण म्हणजे पहिल्याच नोंदीला येणारा नकार. ट्रान्झॅक्शन क्रमांक फक्त रेप्लिका सेटच्या (एकाच माहितीच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटाच्या) सदस्यावर किंवा मोंगोसवर (अनेक सर्व्हरांत वाटलेल्या माहितीकडे आज्ञा पोहोचवणाऱ्या प्रोग्रामवर) चालतात, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि त्यासोबत त्रुटी क्रमांक २० असतो.

दुसरे लक्षण फसवे असते, कारण त्यात त्रुटीच दिसत नाही. अमळनेरकडच्या काट्यावरून फोन येतो, "पावती निंघनी, पन खातामा रक्कम चढनी नही." कधी याच्या उलट घडते, म्हणजे रक्कम चढलेली असते आणि पावतीचा पत्ता नसतो.

तिसऱ्या प्रकारात सकाळच्या लिलावानंतर दोन-तीन काटे एकदम सुरू झाले की त्रुटी क्रमांक ११२, म्हणजे 'राइट कॉन्फ्लिक्ट', येऊ लागतो आणि दुपारी गर्दी ओसरली की आपोआप थांबतो. चौथ्या प्रकारात त्रुटी क्रमांक २५१, म्हणजे 'नो सच ट्रान्झॅक्शन', येतो. आपण ज्या ट्रान्झॅक्शनला कमिट करायला निघालो, ते सर्व्हरच्या लेखी आता अस्तित्वातच नसते.

पाचवे लक्षण मला सर्वांत चिंतेचे वाटते. कमिटची आज्ञा गेल्यावर पडदा थिजतो, काही वेळाने वेळ संपल्याचा संदेश येतो, काट्यावरचा माणूस तीच गाडी पुन्हा नोंदवतो आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या खात्यात एकाच मालाची रक्कम दोनदा जमा झालेली दिसते.

काहीही बदलण्यापूर्वी: पुन्हा नोंद करू नये

पहिली तपासणी फुकट आहे आणि ती काट्यावरच होते. संशयित पावतीचा क्रमांक घेऊन चारही कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या संचांत) शोधावा आणि कोठे नोंद आहे, कोठे नाही, हे कागदावर लिहून काढावे. चारही ठिकाणी नोंद असेल तर कमिट झालेले आहे, फक्त त्याची पोच परत आलेली नाही. एकाही ठिकाणी नसेल तर ट्रान्झॅक्शन स्वच्छपणे मागे फिरले आहे आणि नोंद पुन्हा करण्यात धोका नाही. काही ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी नाही, अशी अवस्था असेल तर डेटाबेसला दोष देण्याआधी कोडकडे पाहावे. ट्रान्झॅक्शनच्या आत झालेले लिखाण अर्धवट राहत नाही, त्याच्या बाहेर झालेलेच राहते. या एका तपासणीने पुढचा अर्धा शोध वाचतो.

त्रुटीचा क्रमांक आणि तिच्यावरचे लेबल वाचावे

बहुतेक सॉफ्टवेअर्स 'नोंद झाली नाही' एवढेच दाखवतात आणि मूळ त्रुटी गिळून टाकतात. त्रुटी क्रमांक, संदेश आणि लेबले लॉगमध्ये लिहिली जातील, एवढा बदल सर्वांत आधी करून घ्यावा. लेबले दोन आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

'ट्रान्झिएंट ट्रान्झॅक्शन एरर' हे लेबल असेल तर संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्या नोंदीपासून पुन्हा चालवावे. 'अननोन ट्रान्झॅक्शन कमिट रिझल्ट' हे लेबल असेल तर कमिट झाले की नाही हे ड्रायव्हरला, म्हणजे सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीला, कळलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी फक्त कमिटची आज्ञा पुन्हा द्यावी, नोंदी पुन्हा करू नयेत. तीच कमिट-आज्ञा त्याच सेशनवर (एका ट्रान्झॅक्शनच्या आज्ञा एकत्र बांधणाऱ्या ओळखीवर) दुसऱ्यांदा दिल्याने रक्कम दोनदा चढत नाही. ड्रायव्हर स्वतःही एकदा असा प्रयत्न करतो आणि त्या वेळी बहुसंख्य सदस्यांची पोच मागतो. मी पाहिलेल्या दुबार नोंदींच्या मुळाशी बहुधा हेच असते: कोणीतरी दोन्ही लेबलांना एकच उपाय लावलेला असतो आणि कमिटचा निकाल अनिश्चित असताना सगळे पहिल्यापासून चालवलेले असते.

यावर एक स्वस्त कुंपण घालता येते. काटा क्रमांक आणि वजन घेतल्याची नेमकी वेळ मिळून एक ओळख-क्रमांक तयार करावा, तो पावतीत साठवावा आणि त्यावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) लावावा. मग वरच्या पातळीवर कोणी तेच वजन पुन्हा पाठवले तरी डेटाबेस ते त्रुटी क्रमांक ११००० देऊन परत पाठवतो आणि शेतकऱ्याचे खाते शाबूत राहते.

सर्व्हर ट्रान्झॅक्शनला पात्र आहे का

रेप्लिका सेटवरील बहु-डॉक्युमेंट ट्रान्झॅक्शन मोंगोडीबीच्या ४.० आवृत्तीत, २०१८ मध्ये आले. शार्ड केलेल्या (माहिती अनेक सर्व्हरांत वाटलेल्या) क्लस्टरवर ते ४.२ पासून चालू लागले. आवृत्ती जुनी असेल किंवा आवृत्ती नवी असूनही फीचर कम्पॅटिबिलिटी व्हर्जन (कोणत्या आवृत्तीची वैशिष्ट्ये चालू ठेवायची हे ठरवणारी सेटिंग) जुन्यावरच राहिले असेल, तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नये.

छोट्या कार्यालयांत त्रुटी क्रमांक २० चे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: मोंगोडी, म्हणजे मोंगोडीबीचा सर्व्हर प्रोग्राम, एकट्या सर्व्हरच्या स्वरूपात चालू असतो. त्याला एक-सदस्यीय रेप्लिका सेट करणे हे काम तासाभराचेही नाही. पूर्ण बॅकअप घ्यावा, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये रेप्लिकेशनखाली सेटचे नाव लिहावे, सेवा पुन्हा सुरू करावी आणि शेलमधून आरएस-इनिशिएट ही आज्ञा एकदाच द्यावी. पासवर्डची तपासणी चालू असेल तर कीफाइलही (सदस्यांनी एकमेकांना ओळखण्यासाठीची गुप्त किल्लीची फाइल) द्यावी लागते, नाहीतर सर्व्हर उठतच नाही. एका सदस्याच्या सेटमध्ये ट्रान्झॅक्शन चालतात, पण ते यंत्र जळाले तर माहितीही गेली. म्हणून या बदलाला बॅकअपचा पर्याय समजू नये.

सेटमध्ये सदस्याचा पत्ता काय नोंदला गेला आहे, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे. आपल्याकडे वीज जाणे-येणे चालूच असते, राउटर पुन्हा सुरू झाला की यंत्राला नवा आयपी पत्ता मिळतो आणि सेटच्या कॉन्फिगरेशनमध्ये मात्र जुनाच राहतो. मग सदस्य एकमेकांना शोधत बसतात आणि प्रायमरीची, म्हणजे लिखाण स्वीकारणाऱ्या मुख्य सदस्याची, निवड होत नाही. राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून टाकला की हा त्रास संपतो.

प्रत्येक नोंदीला सेशन दिले आहे का

अर्धवट नोंदींच्या तक्रारीत मी सर्वांत जास्त वेळ येथेच देतो, आणि बहुतेक वेळा उत्तरही येथेच सापडते. ट्रान्झॅक्शन सुरू केल्याने त्यानंतरची सगळी लिखाणे आपोआप त्याच्या आत जात नाहीत. प्रत्येक आज्ञेला ते सेशन हातोहात द्यावे लागते. ज्या आज्ञेला ते दिलेले नाही, ती तत्काळ आणि स्वतंत्रपणे अमलात येते. पुढे ट्रान्झॅक्शन मागे फिरले तरी ती नोंद तशीच राहते. काही महिन्यांनी कोणी हमाली-तोलाईच्या कपातीचे नवे फंक्शन लिहितो, त्यात सेशन पुढे पाठवायचे राहून जाते आणि सगळे सुरळीत चालू असेपर्यंत ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) मंगूस ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी क्रिएट ही आज्ञा विशेष लक्षपूर्वक पाहावी. सेशन द्यायचे असेल तर डॉक्युमेंट एकटे असले तरी ते यादीच्या चौकटी कंसात द्यावे लागते आणि सेशन असलेला पर्याय दुसऱ्या जागी येतो. कंस विसरला तर ते पर्यायांचे ऑब्जेक्टसुद्धा आणखी एक डॉक्युमेंट समजले जाते आणि सेशन लागू होतच नाही. वाचनाचेही तसेच आहे. सेशनशिवाय केलेल्या वाचनाला याच ट्रान्झॅक्शनमधील अजून कमिट न झालेले लिखाण दिसत नाही, त्यामुळे शिल्लक जुन्याच आकड्यावरून मोजली जाते. एका सेशनवर अनेक आज्ञा प्रॉमिस-ऑलने एकाच वेळी सोडण्याचा मोहही टाळावा. ट्रान्झॅक्शनच्या आत समांतर आज्ञांना आधार नाही, त्या एकामागून एक द्याव्यात.

कोड वाचून खात्री पटत नसेल तर चाचणीच्या डेटाबेसवर एक सोपा प्रयोग करावा. कमिटच्या अगदी आधीच्या ओळीत मुद्दाम त्रुटी फेकावी, एक खोटी पावती करावी आणि चारही कलेक्शन पाहावीत. जे काही मागे उरलेले दिसेल, ते ट्रान्झॅक्शनच्या बाहेर लिहिले गेले आहे. या प्रयोगाइतका निर्णायक पुरावा कोड वाचून मिळत नाही.

छपाई आणि एसएमएस कमिटच्या नंतर

ड्रायव्हरचे विथ-ट्रान्झॅक्शन हे फंक्शन तात्पुरती त्रुटी आली की आपला कॉलबॅक, म्हणजे आपण त्याला दिलेला कोड, पुन्हा चालवते, आणि हे प्रयत्न १२० सेकंदांपर्यंत चालू राहू शकतात. कॉलबॅकच्या आत पावतीची छपाई किंवा शेतकऱ्याला जाणारा एसएमएस असेल तर तो प्रत्येक प्रयत्नात जातो, आणि शेवटी कमिट झाले नाही तरी गेलेला असतो. शेतकरी तो कागद खिशात घालून गावी जातो. त्याच्या दृष्टीने तोच हिशोब असतो, आणि तसे मानण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. म्हणून बाहेरच्या जगाला काहीही कळवण्याचे काम कमिटची पोच आल्यानंतरच करावे.

गिळलेली त्रुटी आणि ६० सेकंद

त्रुटी क्रमांक २५१ ची दोन कारणे नेहमी आढळतात. ट्रान्झॅक्शनच्या आत एखादी नोंद युनिक इंडेक्समुळे नाकारली गेली की सर्व्हर त्याच क्षणी संपूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द करतो. आतल्या ट्राय-कॅचने ती त्रुटी पकडून 'खाते आधीच आहे, पुढे चला' असे ठरवले असेल तर पुढच्या आज्ञेला २५१ मिळतो. विथ-ट्रान्झॅक्शन वापरत असल्यास तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरते आणि पडदा दोन मिनिटे गोठलेला दिसतो. खाते आहे की नाही, हे ट्रान्झॅक्शन सुरू करण्यापूर्वी पाहावे, आणि आत पकडलेली त्रुटी नेहमी बाहेर फेकावी.

दुसरे कारण वेळेचे असते. ट्रान्झॅक्शनचे आयुष्य मुळात ६० सेकंदांचे ठरवलेले आहे आणि ते ओलांडले की सर्व्हर स्वतःच ते रद्द करतो. वजनाचा पडदा उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू होते आणि मग भाव टाकण्यासाठी, कडता ठरण्यासाठी किंवा काट्याचा आकडा स्थिर होण्यासाठी माणसाची वाट पाहिली जाते, अशी रचना मी अनेक ठिकाणी मोडून काढली आहे. माणसाकडून येणारी सगळी माहिती गोळा झाल्यावरच ट्रान्झॅक्शन सुरू करावे. मग ते सेकंदाच्या लहानशा भागात संपते. ही मर्यादा वाढवता येते, पण मी तसा सल्ला देत नाही. लांबलेले ट्रान्झॅक्शन जुनी अवस्था कॅशमध्ये धरून ठेवते आणि त्याचा भार सगळ्या सर्व्हरवर पडतो.

माणसाची वाट पाहिली जात नसतानाही वेळ लागत असेल तर एक्स्प्लेन चालवून खाते क्रमांक आणि पावती क्रमांकाचे शोध इंडेक्सवरून होतात की संपूर्ण कलेक्शन चाळले जाते, हे पाहावे. रात्रीच्या एकत्रित हिशोबासारखी मोठी कामे तुकड्यांत करावीत. एका ट्रान्झॅक्शनमध्ये १,००० पेक्षा जास्त डॉक्युमेंटे बदलू नयेत, हा मोंगोडीबीचाच सल्ला आहे. ४.० आवृत्तीत तर संपूर्ण ट्रान्झॅक्शन १६ एमबीच्या एकाच ऑपलॉग (बदलांच्या नोंदवहीतील) नोंदीत बसवावे लागते, ४.२ पासून हे बंधन उठले.

गर्दीतला राइट कॉन्फ्लिक्ट

दोन ट्रान्झॅक्शन एकाच डॉक्युमेंटला हात घालतात तेव्हा आधी लिहिणाऱ्याचे टिकते आणि दुसऱ्याला ११२ मिळतो. त्यामुळे शोधायचे असते ते सगळ्यांच्या वाटेवरचे एकच डॉक्युमेंट. ते बहुधा पावती क्रमांकाचा काउंटर असतो, नाहीतर 'आजची एकूण आवक' अशी बेरीज ठेवणारे डॉक्युमेंट. तीन काटे त्यावर एकाच वेळी लिहू लागले की बैलगाड्या अरुंद पुलावर समोरासमोर याव्यात, तशी कोंडी होते.

एकूण आवकेची बेरीज साठवून ठेवण्याऐवजी पावत्यांवरून ॲग्रिगेशनने काढावी. हा बदल निर्धास्त करावा. काउंटरचा प्रश्न अधिक विचाराचा आहे. क्रमांक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आधीच घेतला तर संघर्ष मिटतो, पण ट्रान्झॅक्शन रद्द झाल्यावर तो क्रमांक वाया जातो आणि पावत्यांच्या मालिकेत खंड पडतो. लेखापालाला तो खंड चालत नसेल तर प्रत्येक काट्याला स्वतंत्र मालिका द्यावी. तेही शक्य नसेल तर काउंटरचे लिखाण ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी न्यावे, म्हणजे ते डॉक्युमेंट अडकून राहण्याचा काळ कमी होतो. पुन्हा प्रयत्न करताना थोडा अनियमित विराम ठेवावा, अन्यथा तीनही काटे परत एकाच क्षणी धडकतात.

गर्दीच्या वेळी कोणी इंडेक्स बांधायला घेतला असेल तर तेही थांबवावे. ट्रान्झॅक्शन लॉकसाठी मुळात फक्त ५ मिलिसेकंद थांबते आणि नंतर माघार घेते.

कमिट थिजते: बहुसंख्य सदस्य जागेवर आहेत का

येथपर्यंत सगळे ठीक असेल आणि तरीही कमिट अडकत असेल, तर आरएस-स्टेटस ही आज्ञा देऊन प्रत्येक सदस्याची अवस्था पाहावी. खर्च वाचवण्यासाठी अनेकांनी दोन यंत्रांवर माहिती आणि तिसऱ्या साध्या यंत्रावर आर्बिटर अशी मांडणी केलेली असते. आर्बिटर मत देतो, पण माहिती साठवत नाही. त्यामुळे सेकंडरी (प्रायमरीच्या माहितीची प्रत ठेवणारा सदस्य) बंद पडली तरी प्रायमरी निवडून येते आणि सगळे चालू असल्याचे दिसते. मात्र मेजॉरिटीची, म्हणजे बहुसंख्य सदस्यांची, पोच मागणारे कमिट दुसऱ्या माहितीधारक सदस्याची वाट पाहत राहते आणि वेळमर्यादा दिलेली नसेल तर अनिश्चित काळ पाहते. वैशाखात पत्र्याच्या काटाघरात ठेवलेली यंत्रे तापून बंद पडतात, तेव्हा हे दृश्य नेहमीचे होते. वेळमर्यादा संपून त्रुटी आली तरी प्रायमरीवर ते लिखाण झालेले असते. ते मागे घेतले जात नाही. दुबार पावतीचे हे आणखी एक उगमस्थान आहे.

उपाय म्हणून मेजॉरिटी काढून एकाच सदस्याच्या पोचेवर काम चालवावे, असे कोणी सुचवेल. पैशाच्या नोंदीसाठी ते करू नये. प्रायमरी पडून दुसरी निवडली गेली की पोच मिळालेली पावतीसुद्धा रोलबॅकमध्ये निघून जाऊ शकते. बंद पडलेली सेकंडरी परत आणावी, ती मागे पडली असेल तर पुरती जुळू द्यावी आणि पुढे आर्बिटरच्या जागी माहिती साठवणारा तिसरा सदस्य ठेवावा.

सगळ्या दुरुस्त्यांनंतर सर्व्हर-स्टेटसमधील ट्रान्झॅक्शनचे आकडे काही दिवस टिपावेत. सुरू झालेली, कमिट झालेली आणि रद्द झालेली ट्रान्झॅक्शन तेथे वेगवेगळी मोजली जातात, आणि रद्द झालेल्यांचा आकडा गर्दीच्या वेळी उडी घेतो का, यावरून दुरुस्ती लागू पडली की नाही हे कळते.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

डेटाच्या फोल्डरमध्ये रोलबॅक नावाचा उपफोल्डर दिसला आणि त्यात फाइली असल्या, तर पोच मिळालेली काही लिखाणे बाजूला पडली असण्याची शक्यता आहे. त्या फाइली हलवू किंवा पुसू नयेत. लॉगमध्ये वायर्डटायगरची (मोंगोडीबीच्या साठवण यंत्रणेची) चेकसम जुळत नसल्याची त्रुटी असेल किंवा वीज गेल्यानंतर सर्व्हर उठतच नसेल, तर एकुलत्या एका प्रतीवर रिपेअर चालवू नये, कारण जे वाचवता येत नाही ते रिपेअर टाकून देऊ शकते. दोन सदस्य बंद आहेत म्हणून सक्तीने सेटची पुनर्रचना करण्याची आज्ञाही अनुभवी माणसाशिवाय देऊ नये. शार्ड केलेल्या क्लस्टरवर कमिटचा प्रश्न असेल तर वरच्या कोडच्या तपासण्या करून तेथेच थांबावे. आणि खात्यांतील फरक एखाद्या दिवसापुरता नसून मागे पसरलेला दिसत असेल, तर डेटाबेसच्या जाणकाराबरोबर लेखापालही बसलेला असावा. कोणती रक्कम खरी आहे, हे ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरचा नाही.

जाणकार येईपर्यंत काट्यावरचे काम कागदी पावतीपुस्तकावर चालू ठेवावे आणि सर्व्हर नीट बंद करून डेटाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. बिघाडाच्या वेळेचा लॉग, आरएस-स्टेटसचे उत्तर, सर्व्हर व ड्रायव्हरच्या आवृत्त्या, कॉन्फिगरेशन फाइल आणि सुरुवातीला कागदावर काढलेली संशयित पावत्यांची यादी हे सगळे एकत्र ठेवावे. सर्व्हर बंद करण्यापूर्वी आरएस-स्टेटसचे उत्तर जतन करायला विसरू नये, कारण सर्व्हर थांबल्यावर ते मिळत नाही.